टेलरमास्तरांची चुकवलेली गोळी

टेलरमास्तरांच्या हृदयात ऑपरेशन करून बसवलेली धातूची झडप होती. दुकानात शांत असलं की तिची टकटक ऐकू यायची. "बंद पडली की समजा, मास्तर गेले," असं ते गिऱ्हाइकांना हसत सांगत.

झडपेत रक्त गोठू नये म्हणून त्यांना रोज रक्त पातळ करायची गोळी लागे. पण गोळीमुळे सुई टोचली तरी रक्त लवकर थांबत नसे. एकदा नव्याकोऱ्या पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडला आणि गिऱ्हाईक चारचौघांत नको ते बोललं. तेव्हापासून कामाची घाई असली की मास्तर गुपचूप गोळी चुकवू लागले.

एका सकाळी दुकानाचा जिना चढताना त्यांना धाप लागली, ओठ निळे पडले. झडपेत रक्ताची गाठ अडकली होती.

छाती दुसऱ्यांदा उघडावी लागली. हृदय थांबवून रक्त मशीनमधून फिरवताना ते गोठू नये म्हणून खूपच पातळ करतात. नवी झडप बसली, उताऱ्याचं औषध दिलं, तरी रक्त गोठेना. टाक्याटाक्यातून झिरपत राहिलं. शेवटी रक्त दाबून धरायला छातीत जाळीदार कापडाच्या घड्या भरून ती तशीच उघडी ठेवली.

सर्जनबाई बाहेर आल्या. "रक्त थांबेपर्यंत पातळ करायचं औषध देता येत नाही. आणि त्याशिवाय नवी झडपही गोठू शकते. इकडे आड, तिकडे विहीर."

"मग काय करणार?" मास्तरांच्या बायकोने विचारलं.

"थांबणार."

दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं, छाती शिवली, औषध बेताबेताने सुरू झालं. पण तोवर एक बारीक गाठ मेंदूत पोचली होती. मास्तर शुद्धीवर आले तेव्हा उजवा हात हलत नव्हता.

"गोळ्या मीच चुकवत होतो," ते अडखळत म्हणाले.

"माहीत होतं. केराच्या डब्यात दिसायच्या," बायको म्हणाली. "बोलले असते तर तुम्ही चिडला असता. म्हणून गप्प राहिले."



आता दुकानात शिलाई मशीनवर बायको बसते. मास्तर कोपऱ्यात सरावासाठी डाव्या हाताने जुनी वर्तमानपत्रं कापतात. परवा त्यांनी कागदाची बाही तिच्यापुढे धरली.

"चालेल का?"

तिने नीट पाहिली. "नाही चालणार. पुन्हा कापा."

मास्तरांनी दुसरा कागद ओढला.