न चाखलेला स्ट्यू

गेल्या मंगळवारी कॅरी गावी, मुलाच्या घरी, मी आयुष्यात पहिल्यांदा बीफ शिजवलं... या वयात. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचं नसेल त्यांनी इथेच रामराम ठोकावा. वाद घालायचं त्राण खरंच नाहीये.

सुनेच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीहून आलेय. नात गोड आहे, पण दिवसा झोपते आणि रात्री जागते... आणि तिच्याबरोबर आम्ही तिघं. पाठ कामातून गेलीय आणि गुडघ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

पण खरी काळजी मेगनची होती. माझी सून काही खातच नव्हती. डिलिव्हरीत रक्त बरंच गेलं, हिमोग्लोबिन घसरलं, एकदा तर जिना चढताना चक्कर येऊन मधल्या पायरीवरच बसली. डॉक्टर म्हणाली, गोळ्या चालू आहेतच, पण पोटात नीट अन्न जायला हवं.

मी आपल्या परीने सगळं केलं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, तूप घालून मऊ भात... गुणी पोर प्रत्येकातले दोन घास खायची, "थँक यू, आई" म्हणायची आणि बशी बाजूला सरकवायची. उरलेलं मी सिंकपाशी उभी राहून संपवायचे. बाळंतिणीचं वजन उतरत होतं आणि माझं वाढत होतं.

एकदा तिचे केस विंचरताना सहज विचारलं, लहानपणी आजारी पडलीस की तुझी आई काय करायची गं? तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. "बीफ स्ट्यू," ती म्हणाली... आणि लगेच, "नो नो, आई, नेव्हर माइंड." मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

माझा मुलगा निखिल म्हणाला, "आई, तू कशाला टेन्शन घेतेस? मी ऑर्डर करतो ना." केला ऑर्डर. दोन घास... आणि बशी बाजूला.

मला रागच आला. कोणावर, ते विचारू नका. माणूस फार दमला की येतो तसा. दुसऱ्या दिवशी निखिल ऑफिसला गेल्यावर मी गाडी काढली.

इतकी वर्षं या देशात राहिले, पण दुकानातल्या त्या मांसाच्या काउंटरसमोर कधी थांबले नव्हते. नाकासमोर बघत पुढे जायचे. तिथल्या माणसाला म्हटलं, स्ट्यूसाठी हवंय, मला यातलं ओ की ठो कळत नाही. त्याने तुकडे करून दिले आणि एवढंच सांगितलं, शिजवताना घाई करू नका.

घरी आल्यावर पहिलं काम देवाचं. मी सोबत आणलेला बाळकृष्ण किचनच्या शेल्फवर असतो, त्याला वर माझ्या खोलीत नेऊन ठेवलं. म्हटलं, तू तरी जरा पड बाबा... मला काही पडता येत नाही.

माझ्या हातातलं पाकीट बघून मेगन आधी नको नको म्हणाली. मग सोफ्यावर बाळाला पाजत पाजत सांगू लागली. तुकड्यांना मैदा लावून तेलात लालसर परतायचे. मग कांदा, सेलरी, गाजर, टोमॅटो पेस्ट, पाणी, तमालपत्र... बटाटे अगदी शेवटी.

पहिला तुकडा पातेल्यात सोडताना मी तोंड फिरवलं, खोटं कशाला बोलू. वास सोसेना, मागचं दार उघडून डेकवर जाऊन उभी राहिले. परत आले तर सवयीने हात हळदीच्या डब्याकडे... वेळीच आवरला.

सगळी दुपार त्यात गेली. शेगडीशेजारी स्टूलवर बसल्या बसल्या मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा मांस मऊ झालं होतं आणि रस्सा चांगला दाटला होता.

"नाऊ जस्ट टेस्ट इट, आई, अँड ॲड सॉल्ट," मेगन म्हणाली. आणि म्हणता म्हणताच आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. चेहरा पडला बिचारीचा. बाळाला घेऊन उठायलाच लागली.

मला मात्र हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. बस गं, म्हटलं, चव न घेता तर मी जन्मभर रांधत आलेय! आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, देवाच्या आधी कोणी तोंडात घालायचं नाही. गौरी-गणपतीला पुरणापासून कटाच्या आमटीपर्यंत सगळं वासावर आणि अंदाजावर...

तसंच केलं. वाफेवर वाकून वास घेतला, अंदाजाने मीठ घातलं आणि बाऊल भरून तिच्यापुढे ठेवला. बाळाला मांडीवर घेऊन समोर बसले. छातीत धडधडत होतं, पहिल्या वर्षी सासरी पानं वाढताना धडधडायचं तसं.

तिने एक चमचा घेतला. दुसरा घेतला. मग रडायला लागली... आणि रडता रडता खात राहिली. तिच्या आईसारखा झालाय का, हे मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. पण ती खात होती, आणि ते बघून माझा जीव भांड्यात पडला.

बाऊल रिकामा करून तिने माझ्यापुढे धरला. "मोअर, प्लीज." आणि मग, जरा घाबरतच... "इट नीड्स अ लिटल सॉल्ट, आई."

आयुष्यभर न चाखता नैवेद्य दाखवला. देवाने कधी मीठ कमी आहे म्हणून सांगितलं नाही... आणि पुन्हा वाढ म्हणून पानही पुढे केलं नाही. गुडघे कुरकुरले, पण मी मीठ आणायला उठले.