कापलेली कड

"नंबर आहे का? नाही? मग कॅलेंडर!"

माझ्या दुकानातल्या कुठल्याही तसबिरीकडे बोट दाखवून ते असं म्हणत. दत्तगुरू असोत, नाहीतर कुणाचे स्वर्गवासी वडील, सगळी कॅलेंडरं. नाशिकरोडला तसबिरी मढवण्यात माझी तीस वर्षं गेली, पण इतका आगाऊ माणूस दुसरा पाहिला नाही.

एका कचेरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ. नाद लढाऊ विमानांच्या चित्रांचा. ही चित्रं मोजक्याच प्रतींत छापलेली असत, परदेशातून कुरिअरने येत. खालच्या पांढऱ्या कडेवर पेन्सिलीने प्रतीचा नंबर आणि त्या लढाईत खरोखर उडालेल्या वैमानिकाची सही. ही कड म्हणजे यांचा देव. पांढरे हातमोजे घालून चित्र उलगडत आणि मला म्हणत, "शेठ, जरा लांबून. श्वास आवरा."

असे रसिक तुम्हीही पाहिले असतील. स्वतः विमानात कधी पाय ठेवलेला नाही. पॅसेंजरने मनमाडला जाऊन आले तरी चार दिवस कंबर धरून बसत. देवळालीला तोफांचा सराव सुरू झाला की माझं काउंटर घट्ट पकडत. आणि घरी तीन भिंती भरून बॉम्बफेक!

शेवटचं चित्र आणलं ते एका पहाटेच्या हल्ल्याचं. वर विमानांची रांग, त्यांच्या पोटातून सुटलेले बॉम्ब, अगदी तळाशी नदीकाठचं पेटलेलं गाव.

"ढग बघा, शेठ. काय उजेड पकडलाय!"

"काका, खाली माणसं जळतायत."

"ते सोडा हो. सही बघा. हा वैमानिक वारला आता. अशी सही पुन्हा मिळायची नाही." मग बोट उगारून तीनदा बजावलं, "कड कापायची नाही. तुम्ही कॅलेंडरवाले लोक!"

आमच्या धंद्यात कागद हातात आला की आधी पांढरी कड उडवतात. चित्र चौकटीत काठोकाठ बसतं. मी तेच केलं. कड गेली, तिच्यासोबत गावाची पट्टीही गेली.

ते चित्र न्यायला आले. मोजे चढवले, खालच्या बाजूला वाकले आणि तसेच वाकून राहिले.

"नंबर?"

"विसरलो, काका. सवयीने सुरी चालली."

आता आरडाओरडा करतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "तुकडा आहे का?"

केराच्या खोक्यातून मी पट्टी काढून दिली. त्यांनी मोजे काढले आणि त्या सहीवरून उघडं बोट फिरवलं. एवढ्या वर्षांत त्यांचं बोट चित्राला लागलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. पट्टी खिशातल्या डायरीत ठेवत म्हणाले, "चित्र राहू द्या इथेच. ते आता कॅलेंडर." आवाज इतका बारीक होता की मला माझीच लाज वाटली.

नंतर ते आले नाहीत. वर्षभराने कळलं, गेले.

माणूस पोकळ होता, हे माझं मत आजही तेच आहे. पण मी विसरलो नव्हतो. सुरी लावताना त्यांचं बजावणं माझ्या कानात होतं, आणि म्हणूनच मी ती लावली.

चित्र अजून दुकानात आहे. गिऱ्हाइकं विचारतात, "हे बॉम्ब पडतायत कुठे?" तळाशी तर नुसती लाकडी चौकट. खाली एक गाव होतं, असं मी सांगतो. ते कुणी कापलं, ते सांगत नाही.