उत्तर काय आलं?

जिंकलेल्या माणसाला सुखानं पेढा खाऊ न देण्याची कला माझ्या थोरल्या वहिनीइतकी अख्ख्या भोपाळात कुणालाच साधली नसेल. शर्यत कसलीही असो, निकाल लागला की ही पुढे सरसावणार आणि विचारणार, "पण दोघांना सारखंच मिळालं होतं का?" आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात माझा दादा लिंबू-चमच्यात पहिला आला, तर हिनं भर मैदानात त्याचा चमचा उलटसुलट करून पाहिला आणि जाहीर केलं, "हा खोलगट आहे, आमटीचा. बाकीच्यांचे चहाचे." दादानं बक्षिसाचा स्टीलचा डबा मुकाट्यानं परत केला. हबीबगंज स्टेशनहून घरी यायला कुठला रस्ता लवकर पोचवतो यावरून एकदा आमचं वाजलं, तेव्हा तिनं सरळ दोन रिक्षा केल्या. मी आधी पोचलो तर म्हणाली, "तुझा रिक्षावाला तरुण होता. आता रिक्षा बदलून पुन्हा." आणि आम्ही खरंच परत गेलो!

वहिनी इंदूरची. आमच्याच कारखान्याच्या संगणक विभागात होती, मी डिझाइनमध्ये. त्या काळी आमची गणितं फोरट्रान भाषेत लिहिली जायची आणि माणसानं लिहिलेलं ते यंत्राला कळेल असं करून द्यायचं काम कंपायलरचं. तो जितका चांगला, तितकं गणित वेगानं पळणार. जुन्या कंपायलरच्या जागी साहेबांनी एक नवा पसंत केला होता आणि तो विकणाऱ्या माणसानं सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक मांडलं. एकच प्रोग्राम. जुन्यावर आमचा चहा संपला तरी चालूच, नव्यावर कप उचलेपर्यंत खलास. टाळ्या पडल्या. वहिनी उठली.

"भाईसाहब, उत्तर क्या आया?"

"मैडम, उत्तर तो छपवाया ही नहीं. हम सिर्फ टाइम देख रहे थे."

"मग गणित झालंच नाही रे," ती माझ्याकडे वळून म्हणाली, आणि मग साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, "आपका कंपायलर होशियार है. उसने देखा, जवाब किसी को चाहिए नहीं, तो गिनती ही छोड़ दी. बिना दौड़े फर्स्ट!"

तिनं उत्तर छापायची एक ओळ घातली आणि दोन्ही पुन्हा चालवले. जवळजवळ बरोबरी! हॉल खदखदून हसला, साहेब लाल झाले, जुन्याची सवय झालेल्या मंडळींनी वहिनीसाठी समोसे मागवले. "थांबा," ती म्हणाली, "ही पण काही खरी शर्यत नव्हे. आपलं रोजचं काम पळवून बघू." मग टर्बाइनच्या पात्यांचं आमचं नेहमीचं गणित दोन्हींवर चाललं, तेच यंत्र, तेच आकडे, आधी हा मग तो, मग उलट. नवा जिंकला, चांगलाच जिंकला. तितक्याच खणखणीत आवाजात तिनं तेही सांगितलं. मागवणाऱ्यांनी समोसे दुसरीकडे नेले.

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. मी दारातच उभा.

"जब हमारा वाला ही जीता, तो सबके सामने तमाशा क्यों किया? माफी मांगिए."

"सर, नतीजा आपका सही निकला, तरीका गलत था. माफी किस बात की?"

तिनं ती मागितली नाही. बढती दुसऱ्याला मिळाली आणि हिची बदली प्रशिक्षण शाळेत झाली. दादा हळूच म्हणाला, "दोन शब्द बोलून टाकले असतेस तर?" "कुठले? तू सांग, मी बोलते," ती म्हणाली. त्या संध्याकाळी मात्र ती क्वार्टरमागच्या बागेत पाणी घालत उभी होती, वाफे भरून वाहायला लागले तरी तिच्या लक्षात आलं नाही.

आता दादा नाही. मुलं पुण्याला बोलावतात, ही भोपाळ सोडत नाही. गेल्या हिवाळ्यात मी परगावहून तिला भेटायला गेलो, तर लॅपटॉपवर पायथन या संगणकभाषेतला एकच प्रोग्राम दोन तऱ्हांनी पळवत बसली होती. एक तऱ्हा ओळ वाचत जाते नि करत जाते. दुसरी आधी बघून घेते की कुठली वाट सारखी तुडवली जाते, मग तेवढीच यंत्राच्या भाषेत पक्की करून टाकते.

"दुसरी मागेच पडून राहिली आहे की," मी तिच्याच इंदुरी ढंगात म्हणालो.

"पडू दे. सुरुवातीला पडतेच. लोक तेवढंच बघतात नि उठून जातात."

"पण हे कुणासाठी करतेस?"

"कुणासाठी म्हणजे? कळायला नको?" ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तुझ्या दादाला यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण निकाल लागेपर्यंत शेजारी बसायचा."

माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो.