काशाची वाटी

दुपारची जेवणं उरकली आहेत. मी पडदा ओढून घेते, आडवी होते आणि उशीशेजारच्या स्टुलाकडे बघते. अश्वगंधाच्या गोळ्या, जटामांसीचा काढा, ब्राह्मीचं सरबत, शंखपुष्पीचं आणखी काहीतरी. काष्ठौषधीचा दुकानदार आता मला बघितलं की खुर्ची पुढे करतो, इतकी माझी ये-जा. गुण मात्र नावाला नाही. छातीतली धडधड आहे तिथेच आहे.

पलीकडच्या खोलीत सून झोपली असेल. पौर्णिमाला सातवा महिना लागलाय. मागच्या वेळी पाचव्यातच सगळं संपलं होतं. दवाखान्यातून घरी आली, चपला काढत होती, आणि मी पहिलं वाक्य काय बोलावं? "जिने चढू नकोस म्हटलं होतं ना तुला?" डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की जिन्याचा काही संबंध नाही. मलाही ते कळत होतं. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला त्या दिवशी होतं, आणि ते तिला लागलं.

दीड वर्ष झालं. ती "आई" म्हणते, वेळेवर चहा देते, पण कामापुरतंच बोलते. मला फक्त "चुकलं माझं" एवढंच म्हणायचं आहे. रोज तिच्या दारापर्यंत जाते, आणि भाजी कोणती करायची ते विचारून परत येते.

डोळे जड होतात. पंख्याचा आवाज लांब जातो. पायथ्याशी कुणीतरी बसतं, गादी थोडी दबते.

"किती गं ह्या बाटल्या, शालन?"

आत्याबाई. माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. वाईच्या एका वैद्यांच्या औषधालयात त्यांनी तीस वर्षं पुड्या बांधल्या. त्यांच्या पदराला कायम वेखंडाचा वास असायचा, आत्ताही आहे.

"झोप लागत नाही, आत्याबाई."

"मग आत्ता काय करतीयास?"

आम्ही औषधालयात उभ्या आहोत. भिंतभर लाकडी खण, थेट छतापर्यंत. आत्याबाई स्टुलावर चढल्या आहेत, नऊवारीचा काष्टा नीट खोचलेला. "घे काय पाहिजे ते," म्हणतात. मी जटामांसीचा खण ओढते. आत आमच्या बिल्डिंगचा जिना आहे, नुकताच पुसलेला, ओला. पौर्णिमा हातात दुधाची पिशवी घेऊन एकेक पायरी चढते आहे. तिला थांब म्हणायला मी तोंड उघडते, आणि बाहेर येतं, "भाजी कोणती करू?" मी घाईघाईने खण लावून टाकते.

"ह्यात औषध नाही, आत्याबाई."

"हाय की. औषधात खोट न्हाई. तूच दुखणं एकीकडं ठिवून लेप दुसरीकडं लावतीयास."

खणांच्या जागी चूल पेटली आहे. आत्याबाई ब्राह्मीच्या पानांचा रस तुपात घालून ढवळत आहेत. तूप नुसतं तडतडतंय.

"ऐकतीयास न्हवं? आत पाणी हाय तवर ते बोलणारच. पाणी सरलं की आपसूक गप हुतं. त्याच्या आधी उतरवलंस, तर चार दिसात नासतं." त्या माझ्याकडे न बघता विचारतात, "तू किती दिस गप हाईस?"

"मी रोज बोलते की तिच्याशी."

"भाजीचं."

मला हसू येतं आणि रडूही. मी काही उत्तर देणार, तेवढ्यात तळपायाला काहीतरी गार लागतं. काशाची वाटी. मी खाली बघते तर माझं पोट पुढे आलेलं आहे. मी चोवीस वर्षांची आहे, आठवा महिना चालू आहे. माझी थोरली बहीण बाळंतपणात गेली त्याला वर्षही झालेलं नाही, म्हणून मला झोप नाही. आत्याबाई दुपारच्या कामावरून घरी येतात, हातपाय धुतात आणि ब्राह्मीचं तूप घेऊन माझ्या पायाशी बसतात. मी घाबरून पाय लुगड्यात ओढते. सासूने सुनेच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय?

"नको, आत्याबाई. मला पाप लागेल."

"लागू दे. वाटून घेऊ. पाय आण."

मूल होईपर्यंत एकही दुपार त्यांनी चुकवली नाही. वाटी गोल गोल फिरायची, तळवे काळे पडायचे, आणि "निघाली बघ आग" म्हणत त्या फडक्याने पाय पुसायच्या. तोवर मी घोरत असायची. तेव्हा मी त्यांचे आभार मानले नाहीत. घरच्या माणसाचे आभार आपल्यात कोण मानतं? पण आता राहवत नाही.

"आत्याबाई, तुमच्यामुळे मी निभावले. कधी बोलले नाही, पण रोज आठवण काढते. तुमचे हात फार मायेचे होते."

"आत्ता माझं कशाला नाव घेतीस? मी नुसती बसलीया हितं."

मी बघते. त्यांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर आहेत. वाटी मात्र फिरते आहे.

जाग येते तेव्हा साडेचार वाजले आहेत. छाती शांत आहे, इतकी की मला क्षणभर चुकल्याचुकल्यासारखं होतं. मी पाय खाली सोडते आणि तशीच थांबते. दोन्ही तळवे काळे झालेत, तुपकट, रेघारेघांत काळं भरलेलं.

स्वयंपाकघरात पौर्णिमा ओट्याशी पाठमोरी उभी आहे. चहा उकळतो आहे. शेजारी काशाची वाटी पालथी घातलेली. तिच्या उजव्या हाताची बोटं काळी आहेत.

"झोपेत कण्हत होतात," ती न वळता म्हणते. "लग्नानंतर एकदा आजींचं सांगितलं होतं तुम्ही, वाटीचं. म्हटलं बघावं करून. तूप साधंच होतं. ब्राह्मी नव्हती घरात."

"अगं पण सातव्या महिन्यात खाली वाकून..." मी वाक्य तिथेच गिळते. पुन्हा तेच हाड.

मग भाजीचं विचारत नाही.

"चुकलं माझं, पौर्णिमा. ते जिन्याचं. तुझा काही दोष नव्हता. मला तेव्हाही माहीत होतं, तरी बोलले."

ती गॅस बंद करते. हात काळे म्हणून कोपराने डोळे पुसते. पण जागची हलत नाही. मी वाटी उचलते, तुपाचा डबा घेते, खुर्ची तिच्याकडे सरकवते आणि समोर फरशीवर बसते.

"बस. पाय आण."

"आई, नको ना. मला पाप लागेल."

"लागू दे," मी म्हणते. "वाटून घेऊ."