तिसऱ्या बाकावरची जागा

भुताखेतांच्या गोष्टींचा मला तिटकारा आहे. म्हणूनच आठवीच्या अवांतर वाचनाला मी रहस्यकथा निवडली. तिच्यात निदान प्रत्येक गोष्टीला कारण असतं. संस्थानी काळातली कादंबरी. एका घरातली नवी सून विहिरीत सापडते, सगळे म्हणतात पाय घसरला, आणि शेजारच्या तेल्याच्या दहा वर्षांच्या मुलीला काही ते पटत नाही. सांगलीहून बदली होऊन मी या पूर्वेकडच्या कोरड्या गावात नुकतीच आले होते. रोज शेवटच्या तासाला एक प्रकरण मोठ्याने वाचायचे.

चौथ्या प्रकरणात ती मुलगी विचारते, "पाणी आणायला गेली होती, तर मग घागर कुठंय?"

एरवी डोकं उठवणारा वर्ग चिडीचूप झाला. मग एक मुलगी खाली बघत म्हणाली, "बाई, तिची कळशी बी घरातच हुती."

"कुणाची?"

हळूहळू सगळं कळलं. याच वर्गातली, चुलत्याकडे राहणारी एक मुलगी उन्हाळ्यात विहिरीत सापडली होती. पाण्याला गेली, पाय घसरला, एवढंच गाव म्हणत होतं. कळशी पाहिलेली मुलगी तिची शेजारीण होती.

दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या बाकावर एक जागा रिकामी राहू लागली, पारायणाला देवासाठी आसन मांडतात तशी. तेवढ्याच जागेवरची धूळ रोज पुसलेली असायची. हा काय चावटपणा म्हणून मी दरडावलं, तर उत्तर आलं, "पुस्तकातल्या पोरीसाठी हाय, बाई. तिला हितलं बी इचारायचंय." मला हसू यायला हवं होतं. मी घाबरले. वाचताना माझी नजर सारखी तिकडे जायला लागली.

पालकसभेत वर्गाने काहीतरी सादर करायचं असतं. मुलांनी चौथं प्रकरण मागितलं. तो चुलता शाळेच्या समितीवर होता, म्हणून मी बरेच दिवस टोलवाटोलवी केली. पण त्या मुलीसाठी दुसरं कोण विचारणार होतं? मी हो म्हणाले.

सभेला तो उशिरा आला. खोली भरलेली, जागा एकच, तिसऱ्या बाकावरची. तो बसायला वाकला, तशी मुलं एका सुरात, अगदी हळू म्हणाली, "आवं, तितं नगा बसू. तितं ती बसलीया."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. मी वाचत गेले. "पाणी आणायला गेली होती, तर मग घागर कुठंय?"

पुस्तकात इथे कुणीच उत्तर देत नाही. खोलीत मात्र दाराशी उभी असलेली त्याची बायको बोलली.

"घरात हुती. भरल्याली. पाणी घिऊन ती कवाच माघारी आली हुती."

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. तिसऱ्या बाकावरच्या मुली जराशा सरकल्या.

"काकी," त्या म्हणाल्या, "हितं या. बसा."