माजी विद्यार्थ्यांची खुर्ची

उपप्राचार्यांच्या टेबलासमोर एक वेताची खुर्ची होती. ती माजी विद्यार्थ्यांसाठी. कोणी मोठा झालेला माणूस जुनं कॉलेज बघायला आला, की साहेब स्वतः उठून ती खुर्ची ओढायचे, "बसा, बसा" म्हणायचे आणि शिपायाला चहा सांगायचे. प्राध्यापकांसाठी भिंतीशी बाक होतं. आम्ही ऑफिसातले लोक उभे राहायचो. यात कोणाला काही वाटत नसे, मलाही नाही. पाच वर्षं मी त्या खुर्चीशेजारी उभी राहून टाईप केलेले कागद सहीसाठी पुढे सरकवले.

मी त्या कॉलेजात टायपिस्ट होते. त्याआधी माझे यजमान तिथे क्लार्क होते. ते गेले तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. कॉलेजनं मला नोकरीवर घेतलं. अर्ज थोरल्या दिरांनी खाप्याहून येऊन भरला. शिक्षणाच्या रकान्याशी ते थांबले. माझी सगळी सर्टिफिकिटं माहेरच्या नावाची. बी.ए. लिहायचं तर कोर्टातून कागद करून आणावा लागणार होता. "टायपिस्टले बी.ए. काहून पाह्यजे?" असं म्हणून त्यांनी "मॅट्रिक, टायपिंग" एवढंच लिहिलं. मी सही केली. त्या दिवसांत कोणी कोऱ्या कागदावर सही मागितली असती तरी मी केली असती.

कारण यजमान गेल्यापासून मला कशाचं काही वाटेनासं झालं होतं. रडूही आलं नाही. लोकांना वाटलं बाई खंबीर आहे. खंबीर कसली? दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, नंतर गाल आपला वाटत नाही, तसं झालं होतं. फक्त ते इंजेक्शन उतरलं नाही.

आता खरी गोष्ट. त्याच कॉलेजच्या हॉलमध्ये एक सागवानी बोर्ड आहे. विद्यापीठात पहिले आलेल्यांची नावं त्यावर सोनेरी अक्षरांत आहेत. त्यातलं एक माझं. तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान घेऊन मी साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथूनच बी.ए. झाले आणि पहिली आले. पुढच्याच वर्षी लग्न झालं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे यजमानांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी वाकून बघितलं, पेढे वाटले. बापाचं नाव गेलं, आडनाव गेलं, माझं स्वतःचंही गेलं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी तोच तांदूळ खिचडीत टाकला. वाया कशाला घालवायचा?

यजमानांना बोर्डावरचं नाव ठाऊक होतं. रोज त्याच्याखालून जायचे. ऑफिसात ते कधी कोणाजवळ बोलले नाहीत. ते इंटर नापास होते. मीही त्यांना कधी विचारलं नाही. पुढे मी नोकरीला लागले तोवर मला शिकवणारे सगळे रिटायर झाले होते किंवा दुसरीकडे गेले होते. ओळखणारं कोणी उरलं नव्हतं आणि मी ओळख दिली नाही.

मग कॉलेजचा सुवर्णमहोत्सव आला. उपप्राचार्यांनी स्मरणिका काढायची ठरवली, तिच्यात "आमचे नामवंत माजी विद्यार्थी" अशी यादी. शिवाय बोर्डावरच्या प्रत्येक नावापुढे तो आज काय करतो याची एक ओळ. एकही नाव सुटता कामा नये, असा त्यांचा हट्ट होता. पत्रं मी टाईप केली, आलेली उत्तरं मीच फायलीत लावली.

कॉलेजनं खरोखर माणसं दिली होती. एक हायकोर्टात न्यायमूर्ती झाले होते. एक कलेक्टर, एक संपादक. एक अमेरिकेत समाजशास्त्र शिकवत होता, एक नाटकात कामं करायचा. पण सगळेच काही असे नव्हते, आणि उरलेल्यांना साहेब हाताला धरून वर चढवत. एकानं साधं "शेती" असं लिहून पाठवलं होतं. साहेबांनी ते खोडून "प्रगतिशील बागायतदार" केलं. विम्याची पॉलिसी विकणारा "विमाक्षेत्रात महत्त्वाच्या पदावर" गेला. एका बाईनं "घरीच असते" असं कळवलं, तिचा नवरा इंजिनियर आहे असं कळताच ती "सुप्रसिद्ध अभियंत्यांच्या सहचारिणी" झाली. मला गंमत वाटायला हवी होती. मी टाईप करत राहिले.

त्या महिन्यांत वेताच्या खुर्चीला उसंत नव्हती. न्यायमूर्ती येऊन बसले, संपादक येऊन बसले. बागायतदारही संत्र्यांची पेटी घेऊन आला आणि बसला. शिपाई म्हणायचा, "बाई, या खुर्चीचा वेत आता तुटून राहिला."

शेवटी एकच जागा रिकामी राहिली.

"बाई, ही एक पोरगी काही सापडून नाही राहिली," साहेब बोर्डाची नक्कल पुढे करून म्हणाले. "जुन्या रजिस्टरात सावनेरचा पत्ता आहे. तिच्या वडिलांच्या नावानं एक पत्र टाका."

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि भाऊ घर विकून भिलाईला गेला होता. तरी मी पत्र टाईप केलं. "आपल्या सुकन्येनं महाविद्यालयाचं नाव उज्ज्वल केलं आहे, त्या सध्या कुठे असतात ते कृपया कळवावं." पाकिटावर बाबांचं नाव टाकलं, तिकीट लावलं. बारा-पंधरा दिवसांनी ते पोस्टमनच्या शेऱ्यासह परत आलं. टपाल मीच घ्यायची, म्हणून ते माझ्याच हातात पडलं. मी त्यावर आवक नंबर टाकला.

छापखान्याचा माणूस बाहेर बसून होता त्या दिवशी साहेब म्हणाले, "रिकामी जागा बरी नाही दिसत. 'माहिती नाही' असंही नका टाकू, कॉलेजची शोभा होते. सावनेरकडून काही कळलं काय?"

"बघते, साहेब," असं म्हणून मी मशीनवर जाऊन बसले. नाव टाईप झालेलंच होतं. पुढे दोन बोटं जागा. "टंकलेखिका, याच महाविद्यालयात" एवढं त्यात बसलं असतं. माझी बोटं गेली नाहीत. वरच्या ओळीत न्यायमूर्ती होते, खालच्या ओळीत अमेरिका. मला लाज वाटली. आज सरळ सांगते, दुःख नव्हतं, राग नव्हता, नुसती लाज होती. मी "दिवंगत" असं टाईप केलं आणि कागद काढून साहेबांसमोर ठेवला.

साहेबांनी वाचलं. "अरेरे. कशानं गेली?"

"ते नाही कळलं, साहेब."

"लहानच असेल बिचारी," ते म्हणाले आणि सही केली.

महोत्सवाच्या दिवशी हॉल भरला होता. दिवंगत माजी विद्यार्थ्यांची नावं वाचून दाखवली, त्यात माझं होतं. मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मी मागच्या दाराशी स्मरणिकांचे गठ्ठे घेऊन उभीच होते, ते खाली ठेवले आणि मान खाली घातली. मला वाटलं होतं आता तरी काहीतरी होईल, निदान हसू येईल. काही झालं नाही. पंख्यांचा आवाज येत होता. दोन मिनिटं झाल्यावर मी गठ्ठे उचलले.

हे तिथेच संपलं असतं. पण पंधरा दिवसांनी रामटेकहून पत्र आलं. आम्हाला तर्कशास्त्र शिकवणारे सर रिटायर होऊन तिथे राहत होते. त्यांना टपालानं स्मरणिका गेली होती. त्यांनी लिहिलं होतं, की चाळीस वर्षं जमवलेली त्यांची पुस्तकं ते कॉलेजच्या लायब्ररीला देत आहेत. अट एकच. प्रत्येक पुस्तकात आतल्या बाजूला एक लेबल डकवावं, त्यावर माझं जुनं नाव असावं, आधी "कै." आणि नंतर "हिच्या स्मरणार्थ". खाली त्यांनी लिहिलं होतं, "माझ्याशी इतका वाद घालणारा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही."

साहेब खूश झाले. लेबलं टाईप करायला मलाच सांगितली. एका पानावर बारा बसत होती. पहिलं पान झालं. दुसरं पान मशीनला लावलं आणि माझे हात थांबले. एकदा "दिवंगत" लिहिणं वेगळं होतं. आता एक म्हातारा माणूस माझ्यामुळे घरातली पुस्तकं काढून देत होता. यजमान गेल्यापासून पहिल्यांदाच मला भीती वाटली.

रविवारी ते पान पिशवीत घालून मी रामटेकची बस पकडली.

सर ओट्यावर बसले होते. चष्म्याची भिंगं जाड झाली होती. मागे पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं बांधून तयार होते.

"कोण?"

"कॉलेजच्या ऑफिसातून आले, सर. लेबलं दाखवायला."

त्यांनी पान अगदी डोळ्यांजवळ धरलं. "ठीक आहे. चूक नाही."

"एक आहे, सर."

"कुठे?"

"कै."

त्यांनी पान खाली ठेवलं. वर्गात कोणी उलट बोललं की ते असेच थांबायचे. "आधार काय?"

"ती मीच आहे, सर."

ते पुढे वाकून माझ्याकडे बघायला लागले. दिसत किती होतं कोण जाणे. मग म्हणाले, "रोल नंबर सांग."

"सतरा."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं रडतील. ते चिडले. "मी त्या दिवशी जेवलो नाही. ती यादी कोणी केली?"

"मी टाईप केली."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्या नाही. सर, मी तिथे टायपिस्ट आहे. त्या लोकांमध्ये ते लिहायची लाज वाटली."

"टायपिस्ट आहेस हे खरं आहे?"

"हो."

"मग लिहायला काय झालं होतं?"

त्यांनी लेबलांचं पान माझ्याकडे परत दिलं. "आधी दुरुस्ती छाप. ती मला पाठव. तोवर एकही पुस्तक इथून हलणार नाही." मग आत बघून त्यांनी सुनेला हाक मारली आणि मला जेवल्याशिवाय जायचं नाही असं सांगितलं. जेवताना वरणावर तूप त्यांनी स्वतः वाढलं.

सोमवारी मी स्टेन्सिलवर शुद्धिपत्र कापलं. पान अमुक, ओळ अमुक, "दिवंगत" ऐवजी "टंकलेखिका, याच महाविद्यालयात" असं वाचावं. खाली कंसात माझं आत्ताचं नाव. कोणालाही विचारलं नाही. शिपायानं सायक्लोस्टाईलचं हँडल फिरवत विचारलं, "काय छापून राहिल्या, बाई?" मी म्हटलं, चूक झाली होती, ती. दुपारभर स्टोअररूममध्ये बसून उरलेल्या सगळ्या प्रतींत मी चिठ्ठ्या डिंकानं चिकटवल्या. मग एक चिठ्ठी रामटेकच्या पाकिटात घातली, एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि शेजारी उभी राहिले.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. उठले आणि हॉलकडे गेले. मला खिडकीतून ते दिसत होते. बोर्डासमोर मान वर करून उभे होते. मग परत आले.

"हे तुम्ही?"

"हो, साहेब."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"लाज वाटली."

त्यांनी प्रत जवळ ओढली. त्यांच्या हातात पेन आलंच. "टंकलेखिकेऐवजी 'महाविद्यालयाच्या प्रशासनात' असं केलं असतं तर..."

"नको, साहेब. आहे ते राहू द्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. ही नोकरी आता राहते की जाते, असा विचार माझ्या डोक्यात होता, घरभाड्याचा होता, मुलीचा होता. साहेब टेबलाला वळसा घालून पुढे आले आणि त्यांनी वेताची खुर्ची ओढली.

"बसा," ते म्हणाले, आणि दाराकडे बघून शिपायाला हाक मारली. "चहा आण."

शिपायानं आत डोकावून पाहिलं. "कोणी आलं काय, साहेब?"

"माजी विद्यार्थिनी आहेत."

मी बसले. खुर्चीचा वेत मधोमध खाली गेला होता, शिपाई म्हणायचा ते खरं होतं. आणि मग मला रडू आलं. यजमानांचं, बाबांचं, सगळं एकदम आलं. चहा येईपर्यंत मी रडत होते आणि साहेब समोर बसून एक फाईल वाचत असल्यासारखं करत होते.