वरून दुसरी पिन

भूत, आत्मा, संकेत... मी कधी मानलं नाही. आजही मानतो असं म्हणणार नाही. घडलं ते क्रमाने लिहितो.

लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर मी आणि माझी मावशी राहतो. तिचं वय एकाहत्तर, डायबेटिस वीस वर्षांचा. मार्चमध्ये ती मोरीत घसरली आणि उजवा खांदा मोडला. डॉक्टर म्हणाले, "मोठी चीर देऊन प्लेट बसवली, तर यांच्या शुगरमध्ये जखम भरेलच असं नाही." म्हणून कातडीतून हाडात चार पिना घातल्या आणि बाहेरून रॉडने जोडल्या. पिनेपाशी पू झाला तर तो हाडात उतरेल, ही एकच भीती. रोज सकाळी पिना आणि रॉड सलाइनने पुसायचं काम माझं.

तिसऱ्या आठवड्यात एकदा, दुपारच्या शिफ्टसाठी मी ऑफिसला निघालो होतो.

"झिला, वरून दुसरी पिन ढिली झाली हा."

"दुखतंय?"

"नाय रे. हे बघून गेले."

हे — म्हणजे काका, मावशीचे यजमान. गिरणीत फिटर होते. जाऊन अकरा वर्षं झाली. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून ते बेअरिंगचा आवाज ऐकायचे.

"तसोच स्क्रूड्रायव्हर लावल्यानी रॉडाक. वर माकाच ओरडले — इतके दिवस गप कित्याक बसलंस!"

मी पाहिलं. पिना कोरड्या, लाली नाही, ताप नाही. "सकाळची शुगरपण चांगली आहे, मावशी. सोमवारी तारीख आहेच."

"मशीन बंद पडल्यावर कोणीपण सांगीत," असं म्हणत तिने चपला घातल्यासुद्धा. मी रजा टाकली, टॅक्सी केली.

ओपीडीत सिस्टरने रॉडवरून गॉज फिरवलं आणि थांबली. "ऑइल कोणी लावलं?"

गॉजवर काळा ठिपका होता, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाएवढा. आमच्या घरात मशीनचं ऑइल नाही. सकाळी तोच रॉड मी पुसला होता.

डॉक्टरांनी वरून दुसरी पिन धरली. हलली. बाजूला दाबल्यावर पू आला. "सोमवारपर्यंत थांबला असतात तर हाडात गेलं असतं." पिन बदलली, औषधं सुरू झाली. खांदा जुळला. मावशी आता त्याच हाताने वेणी घालते.

पिन हलल्याचं तिला नकळत जाणवलं असेल, असं मी लोकांना सांगतो. तो ठिपका त्यात बसत नाही. कशातच बसत नाही.

पिना निघेपर्यंत रोज सकाळी, गॉज हातात घेण्याआधी मी विचारायचो, "काका काय म्हणाले?" मावशी "बरा आसा" म्हणाली, की मगच ऑफिसला जायचो.